चोरीचा पैसा आणि सोडतीचे धन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



हिंगोली जिल्ह्यात हळदीचा हंगाम आटोपत आला की वसमतच्या बाजारात पैसा खेळू लागतो. अशा दिवसांतील एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. हळद शिजविण्याच्या व वाळविण्याच्या कामावर राबलेली एक मजूर स्त्री आठवड्याची मजुरी पदराच्या गाठीला बांधून बाजारात येते. गर्दीत कोणी तरी ती गाठ सोडवितो आणि त्याच पैशातून शंभर रुपयांचे लॉटरीचे तिकीट घेतो. सोडतीत त्या तिकिटाला दहा लाखांचे बक्षीस लागते. पुढे चोर पकडला जातो, गुन्हाही कबूल करतो. मग ते दहा लाख कोणाचे?

प्रसंग काल्पनिक असला तरी प्रश्न पोरखेळाचा नाही. धनावर माणसाचा हक्क कशाने निर्माण होतो, याची ही लहानशी कसोटी आहे.

पहिला दावेदार खुद्द चोर. त्याचे म्हणणे असे : शंभर रुपये परत घ्या, शिक्षाही द्या, पण तिकीट माझ्या हाताने निवडले, नशीब माझे. त्या बाईने तर तिकीट घेतलेच नसते, ज्वारी घेतली असती. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु तिकिटाला काहीच लागले नसते तर? शंभर रुपये बुडाले असते, आणि ज्याच्या खिशात दमडी नाही त्याच्याकडून ते वसूल होण्याची आशा नव्हती. म्हणजे बुडण्याचा सारा धोका त्या स्त्रीच्या मजुरीवर, तोही तिला न विचारता, लादलेला होता. तोटा झाला तर तिचा आणि लाभ झाला तर चोराचा, ही वाटणी कोणत्याही न्यायात बसणार नाही. राहिला ज्वारीचा मुद्दा. पैशाचे काय करावे हे ठरविण्याचा तिचा अधिकारच चोराने हिरावून घेतला. त्या हिरावण्यालाच पुरावा म्हणून पुढे करण्याचा हक्क त्याला कसा पोहोचतो?

कायद्यालाही हा विचार अपरिचित नाही. 1882च्या भारतीय न्यास कायद्याचे कलम 63 सांगते की, विश्वस्ताने न्यासाची मालमत्ता विकून तिच्या बदल्यात जे मिळविले त्याचा माग लागत असेल, तर मूळ मालमत्तेवर होता तसाच हक्क लाभार्थ्याला त्या नव्या वस्तूवर पोहोचतो. बदनियत विश्वस्ताला नफा ठेवता येत नाही आणि चोराला मात्र ठेवता येतो असे मानणे म्हणजे चोराला विश्वस्ताहून अधिक सवलत देणे होय.

लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्‌सपुढे 2000 साली असाच एक खटला निकालात निघाला. पोर्तुगालमध्ये जमीन मिळेल या आशेने लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या पैशातून एका गृहस्थाने आपल्या आयुर्विम्याचे काही हप्ते भरले. त्याच्या मृत्यूनंतर विम्याचे दहा लाख पौंड आले. फसलेल्यांना केवळ हप्त्यांची रक्कम द्यावी, की विम्यातला हिस्सा? पाचपैकी तीन न्यायाधीशांनी त्यांच्या पैशाच्या प्रमाणात हिस्सा देण्याचा कौल दिला. दोघांचे मत वेगळे पडले, यावरून प्रश्नाचा अवघडपणा दिसतो. परंतु बहुमताचे तत्त्व आपल्या प्रसंगाला लावले तर, तिकिटाचे शंभरही रुपये त्या स्त्रीचे असल्यामुळे बक्षीसही संपूर्ण तिचेच ठरते. निम्मे पैसे चोराचे असते, तर वाटणीचा प्रश्न आला असता.

दुसरा दावेदार सरकार, आणि हा दावेदार अधिक सावधपणे पारखावा लागेल. 2023च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 107 नुसार गुन्ह्यातून मिळालेले धन जिल्हा दंडाधिकाऱ्यामार्फत पीडितांना वाटण्याची सोय आहे. दावे भागल्यानंतर उरेल ते सरकारजमा होते. येथेच खरी मेख आहे. त्या स्त्रीचा दावा शंभर रुपयांचा धरला, तर बाकीचे सारे बक्षीस शिल्लक ठरून तिजोरीत जाईल. ज्या शासनाने 1969 मध्ये मटक्याला आळा घालण्याचे कारण सांगून स्वतःची लॉटरी काढली, ते तिकीट विकून एकदा कमावते. बक्षिसावर आयकराचा दर 30 टक्के, ही दुसरी कमाई. राज्याने चालविली तरी लॉटरी हा जुगारच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये म्हटले आहे. त्या जुगाराच्या चालकानेच मजुराच्या चोरीतून तिसऱ्यांदा लाभ घ्यावा, हे शोभणारे नाही.

एक आक्षेप कार्यकर्त्यांतूनच येईल. हे दहा लाख ज्यांची तिकिटे वाया गेली त्या असंख्य गरिबांच्या खिशातून जमलेले आहेत. ते श्रमाचे फळ नव्हेच. हा आक्षेप खरा आहे. दहा लाखांना ती स्त्री श्रमाने पात्र ठरली, असे कोणी म्हणणार नाही. लॉटरी असावी की नसावी, हा लढा वेगळा आणि तो लढलाच पाहिजे. तथापि धन निर्माण झालेच आहे, आणि चोर, सरकार व लुटली गेलेली स्त्री यांतून एकाची निवड करावयाची आहे. तेथे हक्क तिचाच वरचढ ठरतो.

या निवाड्याचे मोल बाजारापुरते नाही. मजुरी थकविणाऱ्याकडेही मजुराचा पैसा वापरला जात असतो. 2005च्या रोजगार हमी कायद्याखाली विलंबाची भरपाई दिवसाला 0.05 टक्के ठरविली गेली. म्हणजे तीनशे रुपये अडकले तर रोजचे पंधरा पैसे! मुद्दल हातावर ठेवले की हिशेब मिटला, ही समजूत चोराची आहे. मजुराने ती मान्य करण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या घामाचा पैसा ज्याने परवानगीवाचून राबविला, त्याने मुद्दलाबरोबर त्यावर पिकलेलेही परत केले पाहिजे.