एका चित्रपटाचीं तीन रूपें

संग्रह म्हणजे दुर्मिळ वस्तूंचा हव्यास, असें सामान्यतः मानलें जातें. कार्टून-चित्रपटांच्या विशेष आवृत्त्या जमविणाऱ्या अमेरिकन रसिकाला मात्र याहून निराळें कांहीं हवें असतें.

१९९१ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्क येथील चित्रपट-महोत्सवांत डिस्ने कंपनीचा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ अपुऱ्या स्थितींतच दाखविण्यांत आला. सुमारें ७० टक्के काम झालें होतें; उरलेल्या ठिकाणीं पेन्सिलीचीं रेखाटनें होतीं. तरीहि प्रेक्षकांनीं उभें राहून टाळ्या वाजविल्या. पुढें हेंच अपुरें रूप लेसर डिस्कवर निघालें. २००२ मध्यें दोन डीव्हीडींच्या संचांत तें रूप, मूळ चित्रपट, आणि निर्मितीच्या वेळीं गळलेलें एक गाणें घालून केलेली वाढीव आवृत्ति, अशीं तिन्ही एकत्र आलीं.

पूर्ण चित्रांत रंगाखालीं झांकली जाणारी रेषा अपुऱ्या चित्रांत उघडी दिसते. चित्रकाराचा हात कोठें थबकला, कोठें धांवला, हें तेथेंच कळतें. परंतु लेसर डिस्क वाजविणारीं यंत्रें बनविणें पायोनियर कंपनीनें २००९ मध्यें बंद केलें, आणि कित्येक तबकड्या आंतून गंजतात. म्हणून ज्याला ती रेषा जपावयाची आहे, त्याला तबकडीबरोबर जुनें यंत्रहि जपावें लागतें.