आपल्या स्पीकरची किल्ली आपल्याच हाती

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझी बँकेतली सगळी नोकरी सातारा आणि सांगलीत झाली. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक खातेदाराची, हे लोकांना सांगण्यात माझा जन्म गेला. पण माझ्याच घरातला स्पीकर बिनकिल्लीचा होता!

गेल्या वर्षी आमच्या सौ. दवाखान्यातून नुकत्याच घरी आल्या होत्या. रात्री साडेअकराला हॉलमधल्या ब्लूटूथ स्पीकरवर एकदम सिनेमाची गाणी सुरू झाली आणि आवाज वाढतच गेला. त्या दचकून उठल्या, घामाघूम झाल्या. सकाळी खालच्या मजल्यावरच्या मुलाला मी जिन्यात चारचौघांसमोर नको ते बोललो.

साताऱ्याहून नातू आला तेव्हा उलगडा झाला. त्या मुलाकडेही तसाच स्पीकर. मोबाईलवर दोन्हींचं नाव एकच. त्याने चुकून आमचं नाव दाबलं, आणि आपल्या खोलीत गाणं ऐकू येईना म्हणून बिचारा आवाज वाढवत राहिला!

नातवाने समजावलं ते थोडक्यात सांगतो. ब्लूटूथ साधारण 30 फुटांपर्यंत पोहोचतं, भिंतीने ते पूर्ण अडत नाही. बरेच स्पीकर पासवर्ड विचारत नाहीत. चालू आणि मोकळे असले की मागेल त्या मोबाईलला जोडले जातात. म्हणून –

1. ऐकून झालं की स्पीकर बटणाने पूर्ण बंद करा. नुसतं गाणं थांबवून भागत नाही.
2. कंपनीच्या ॲपमध्ये सोय असेल तर स्पीकरला वेगळं नाव द्या. आमच्याला आता फ्लॅटचा नंबर दिलाय.
3. पाहुण्यांचे मोबाईल जोडले गेले असतील तर माहितीपुस्तिकेत पाहून स्पीकर रीसेट करा. जुन्या जोडण्या पुसल्या जातात.
4. वायफायवर चालणारा स्पीकर असेल तर वायफायचा पासवर्ड बदला आणि तो सगळ्यांना वाटू नका.
5. सोय असेल तर सरळ वायर जोडा.

आपल्या जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला गावाने सुरुवात केली. आपण निदान रात्री दहानंतर स्पीकर बंद ठेवू या.

राहता राहिली माझी थकबाकी. त्या मुलाची मी घरी जाऊन माफी मागितली होती. पण बोललो होतो चारचौघांत. म्हणून आज सगळ्यांसमोर पुन्हा मागतो. बाळा, चूक माझी होती.