जळमटातले घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. विद्वत्तेचे माझ्यापाशी काही नाही. म्हणून गेल्या पाडव्याच्या तोंडावर येथे वर्ध्यास, माझ्याच घरी घडलेली एक साधी गोष्ट सांगते.

सणापूर्वीची झाडलोट चालली होती. काठीला केरसुणी बांधून मी ओसरीतली जाळी काढीत होते. ओसरीवर वाकलेल्या जास्वंदीच्या फांदीला एक जळमट लोंबत होते. वाळकी पाने, सालीचे तुकडे, कोळ्याचे धागे, निव्वळ केर! मी काठी उचलली, तोच बाजेवर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, थांब! तिचं घर आहे ते."

पाहते तो बाजूच्या भोकातून सुईसारखी बाकदार चोच बाहेर आलेली! इतकी वर्षे त्या अंगणात वावरले, पण हा पक्षी मी त्या दिवशी प्रथम पाहिला. त्यापूर्वी दिसलाही असेल. चिमणी म्हणून मी सोडून दिला असेल.

थोड्या वेळाने नर आला. हिरवे चमकते डोके, जांभळा गळा, किरमिजी पाठ, पिवळे पोट. सलीम अली यांच्या १९४१ साली प्रथम निघालेल्या पुस्तकात शोधले, तेव्हा नाव कळले : पंचरंगी सूर्यपक्षी. शिंजिरांच्या कुळातला, जेमतेम १० सेंटिमीटरांचा. पुष्कळजण याला हमिंगबर्ड म्हणतात, पण तो पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतो. हा आपल्याच भागातला. भारत, बांगलादेश आणि श्रीलंका हे याचे माहेर.

फुलातला मध हे याचे अन्न. मध पिताना कपाळाला पराग लागतो, तो पुढच्या फुलाला पोचतो. फूल फार खोल असले तर स्वारी देठाजवळ भोक पाडून चोरवाटेनेही मध पिते! पिलांना मात्र मधावर भागत नाही. त्यांना बारीक किडे आणि कोळी भरवावे लागतात.

खोपा मादी एकटीच बांधते. नराचा थाट तिला नाही. मातकट पाठ, पांढुरका गळा, पिवळसर छाती. कोळ्याच्या धाग्यांनी ती सारे बांधून घेते आणि वरून सालीचे तुकडे लावते. मग शत्रूला घर दिसत नाही, केर दिसतो. मलाही केरच दिसला होता! सासूबाईंनी मात्र आठ दिवस बाजेवरून तिची ये-जा पाहिली होती. पक्ष्याचे नाव त्यांना ठाऊक नव्हते.

पाडव्याला पाहुण्यांनी त्या जळमटाकडे पाहून नाक मुरडले. मी हसून चहा पुढे केला. पुढे एका सकाळी खोपा रिकामा दिसला आणि जीव चरकला. पाहते तो दोन पिले जास्वंदीवर अंग फुलवून बसलेली!

भगिनींनो, घर स्वच्छ ठेवावेच. पण अंगणातल्या झाडावर केरसुणी चालवण्यापूर्वी घटकाभर थांबून वर पाहावे, एवढीच माझी विनंती.