स्टेडियम कोणाचे, कर्ज कोणाचे?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या भावासाठी भरलेल्या मेळाव्यात स्टेडियमचा विषय कशाला, असे काहीजण विचारतील. विषय आपलाच आहे. सरकारची तिजोरी एकच. विहिरीसाठी, शेतरस्त्यासाठी पैसा मागितला की ती रिकामी असते. इमारतीची कोनशिला बसवायची म्हटले की तीच भरलेली निघते. आणि इमारतीला लागणारी जागा आकाशातून पडत नाही. ती गायरानातून निघते, नाहीतर कोणाच्या तरी सातबाऱ्यावरून.

2001 च्या क्रीडा धोरणापासून आपल्या राज्यात तालुक्या-तालुक्यात क्रीडा संकुले उभी करण्याचे सरकारने ठरवले आहे. शिक्षण संस्थाही आपापल्या कॉलेजसाठी मैदान, प्रेक्षागार मागतात. ठराव मांडायला येणारे एक गोष्ट हमखास सांगतात: स्टेडियम आले की हॉटेले येतील, दुकाने येतील, जमिनीचे भाव वाढतील, कर वाढेल आणि त्यातूनच स्टेडियमचे पैसे फिटतील. अमेरिकेत असेच झाले, हेही जोडून देतात. तर अमेरिकेत काय झाले ते आज पाहू.

त्याआधी एक खुलासा. खेळाला आमचा विरोध नाही. आपल्याच कापूसपट्ट्यात अमरावतीला 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झाले. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. आज तिथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे. आधी खेळणारे, मग इमारती, असा तो क्रम. आमचा विरोध उलट्या क्रमाला आहे.

आता अमेरिकेतल्या केंटकी राज्यात चला. हा तंबाखू, मका आणि घोडे यांचा मुलूख. लुईव्हिल हे तिथले सर्वांत मोठे शहर. तिथले विद्यापीठ सरकारी आहे आणि त्याचा बास्केटबॉलचा संघ म्हणजे त्या शहराचा जीव की प्राण. 1956 पासून हा संघ फ्रीडम हॉल नावाच्या सभागृहात खेळत असे. हे सभागृह राज्याच्या जत्रा मैदानावर आहे. याच मैदानावर राज्याची कृषी जत्रा भरते आणि दर फेब्रुवारीत शेतीअवजारांचे मोठे प्रदर्शनही. म्हणजे एकच जागा शेतकऱ्याची, जत्रेची आणि कॉलेजच्या खेळाचीही. बसायला 18 हजारांवर जागा. छप्पर गळत होते म्हणून नवे बांधले, असे काही नव्हते.

तरीही शहराच्या मध्यभागी, ओहायो नदीच्या काठावर नवे स्टेडियम बांधायचे ठरले. जागेवरून वाद झाला. नदीकाठच्या जागेवर विजेचे उपकेंद्र होते, ते हलवावे लागणार होते. शहरातच दुसरी जागा घ्या, स्वस्त पडेल, असे सांगणारे लोकही होते. पण नदीकाठच ठरला. 2006 साली राज्याच्या विधिमंडळाने 7 कोटी 50 लाख डॉलर मंजूर केले. इमारत 23 कोटी 80 लाख डॉलरची; इतर सारा खर्च धरून 2008 साली कर्जरोखे काढले गेले ते जवळपास 35 कोटी डॉलरचे. ऑक्टोबर 2010 मध्ये 22 हजार लोक बसतील असे स्टेडियम उघडले. त्याला नाव दिले ‘केएफसी यम! सेंटर’. 1996 साली बंगलोरला कर्नाटकातल्या शेतकरी कार्यकर्त्यांनी कोंबडीच्या ज्या परदेशी दुकानाची मोडतोड केली, ते याच केएफसीचे. कंपनीने नावासाठी 10 वर्षांचे 1 कोटी 35 लाख डॉलर दिले. खर्चाशी ताडून पाहा. नाव कंपनीचे, बोजा बहुतांश जनतेचा.

हे कर्ज फेडायचे कसे? तिथेच सारी मेख आहे. स्टेडियमच्या आसपासचा 6 चौरस मैलांचा पट्टा आखला गेला. या पट्ट्यात विक्रीकर आणि मालमत्ता कर जेवढा वाढेल, त्या वाढीतला मोठा हिस्सा राज्याच्या तिजोरीत न जाता कर्जाच्या हप्त्याला जाईल, असे ठरले. कागदावर हिशेब सुरेख होता. पण ही वाढ अजून झालेली नव्हती, ती होईल असे धरले होते. आपण कोरडवाहू माणसे हे लगेच ओळखतो. मृग बरसेल, बोंडे भरतील, अळी येणार नाही, असे धरून सावकाराला अंगठा द्यावा, तसला तो हिशेब. फरक इतकाच की आपला अंदाज चुकला तर आपला बैल जातो. तिथे अंदाज करणाऱ्याचे काही गेले नाही.

2008 साली मंदी आली आणि कराचे उत्पन्न अंदाजाच्या कितीतरी खाली राहिले. रोख्यांची पत घसरली. 6 चौरस मैलांचा पट्टा कमी करून 2 मैलांचा केला. शहराने हमी दिलेली होती, ती अंगाशी आली आणि शहराला दरसाल जास्तीत जास्त ठरलेली रक्कम, 98 लाख डॉलरपर्यंत, भरावी लागली. तेवढ्यानेही भागेना. 2017 साली कायदा बदलून 20 वर्षांचा करवाटा 45 वर्षांचा केला, म्हणजे 2054 पर्यंत. जुने कर्ज फेडायला नवे कर्ज काढले आणि शहराचा वाटा वर्षाला 1 कोटी 8 लाख डॉलर झाला. आपल्याकडे याला कर्जाचे पुनर्गठन म्हणतात. हप्ता हलका होतो, फास लांबतो.

मग फायदा कोणाला झाला? सामन्याच्या दिवसांचा पहिला हक्क विद्यापीठाचा आणि महागड्या बैठकींच्या उत्पन्नातला मोठा वाटाही विद्यापीठाचा, असा मूळ करार होता. स्टेडियम कर्जात आणि विद्यापीठाचा क्रीडा विभाग मजेत. 2017 साली ओरड झाल्यावर विद्यापीठाने वर्षाला 24 लाख 20 हजार डॉलर जास्त द्यायचे कबूल केले. आणि जे मैदानावर घाम गाळत होते त्या विद्यार्थी खेळाडूंना 2021 पर्यंत स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याचीही मुभा नव्हती. पिकवणारा उपाशी आणि दलाल तुपाशी, हे फक्त कापसाच्या बाजारात होते असे नाही.

तोटा कोणाला? एक, जत्रा मैदानाला. त्याचा मुख्य भाडेकरू गेला. दोन, राज्यातल्या साऱ्या लोकांना. केंटकीत 6 टक्के विक्रीकर आहे. डोंगरातला तंबाखूवाला शेतकरी चपला घेतो तेव्हा तोही भरतो. पट्ट्यातला जो कर शाळा-रस्त्यांना गेला असता तो 2054 पर्यंत अडकला.

नवे स्टेडियम ओस पडले आहे असे आम्ही म्हणत नाही. तिथे गर्दी होते, आसपास हॉटेलेही आली. पण माणसाच्या खिशात करमणुकीला ठेवलेला पैसा ठरलेला असतो. तो नदीकाठी खर्च झाला की दुसऱ्या मोहल्ल्यात होत नाही. आठवडी बाजार एका गावचा उठवून दुसऱ्या गावी भरवला, तर नव्या गावी धूळ उडते, पण ज्वारीचे पोते एकही वाढत नाही. 1997 साली रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी स्टेडियमांच्या हिशेबांवर ग्रंथ संपादित केला, त्याचा निष्कर्षही हाच आहे. सरकारी पैशाने बांधलेली स्टेडियमे त्या पैशाची भरपाई करून देत नाहीत.

हा झाला डॉलरवाल्या देशाचा अनुभव. आपल्या तालुक्यात कर भरायला ना हॉटेल आहे, ना कंपनी. म्हणून गावात ठराव येईल तेव्हा हात वर करण्याआधी चार प्रश्न विचारा.

पहिला: जागा कोणाची? गायरान असेल तर गुरे कुठे जाणार? गावाच्या सामाईक जमिनी राखा, असे सुप्रीम कोर्टाने 2011 साली जगपालसिंग खटल्यात बजावले आहे.

दुसरा: बांधकामाचा पैसा आला, पण दरवर्षी वीजबिल, पाणी, चौकीदार, डागडुजी कोण भरणार? उत्तर लेखी घ्या.

तिसरा: सरकारी पैशाने बांधलेले मैदान एखाद्या संस्थेच्या ताब्यात जाणार असेल, तर गावच्या पोरापोरींना ते किती दिवस, किती वाजता, किती पैशात मिळणार?

चौथा: मुले तिथे पोचणार कशी? शेवटची एसटी साडेपाचला सुटत असेल आणि मैदान गावापासून दोन कोसांवर असेल, तर खेडयातली मुलगी तिथे कधीच खेळणार नाही. तिच्या नावाने पैसा मात्र खर्च होईल.

चारही उत्तरे मिळाली तर खुशाल ठराव करा, आम्ही कुदळ मारायला येऊ. नाही मिळाली तर शाळेच्या मागचे मैदान सपाट करून घ्या, कुंपण घाला, पाण्याचा नळ आणि एक दिवा लावा. पोरे उद्यापासून खेळू लागतील आणि 45 वर्षांचे कर्ज कोणाच्या डोक्यावर बसणार नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याने आपल्या तालुक्यात क्रीडा संकुलाला किती पैसा आला, जागा कोणाची गेली आणि आज तिथे कोण खेळते, याचा कागद सोबत आणावा. हिशेब मागणे हा आपला हक्क आहे. कापसाचा मागतो, तसाच मैदानाचाही मागू.