फेराला दार असावे



करमणुकीची जितकी साधने आज आपल्या हाताशी आहेत, तितकी पूर्वीच्या कोणत्याच पिढीला लाभली नव्हती. वाटेल ते गाणे वाटेल त्या क्षणी खिशातल्या यंत्रातून ऐकता येते. पण दहा शेजारी सहज जमले आणि कोणी न सांगता गाऊ लागले, असे आपल्या आळीत शेवटचे केव्हा घडले? साधने वाढली आणि उत्स्फूर्त आनंद मात्र आटला, असे का व्हावे, एवढाच प्रश्न आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

त्यासाठी पालघर जिल्ह्यातील डहाणू-जव्हारकडे वारल्यांच्या पाड्यावर जाऊ. भात पिकू लागले की तेथे तारपा घुमू लागतो. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, एवढाच या वाद्याचा संसार! वाजविणाऱ्याभोवती स्त्रीपुरुष एकमेकांना धरून फेर धरतात. सूर बदलला की पावले बदलतात. दमलेला बाहेर पडतो, पाहणारा आत शिरतो. फेर चालूच राहतो. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) या थोर वारली चित्रकाराने हाच फेर आपल्या चित्रांतून जगापुढे नेला.

कोणी म्हणेल, हे दारिद्र्याचे गोडवे झाले. मुळीच नाही. याच वारल्यांना सावकार-जमीनदारांच्या वेठीने पिळून काढले होते, आणि १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली ते त्याविरुद्ध उठले. आनंद हे दारिद्र्याचे फळ नव्हे; दारिद्र्य असूनही तो टिकला. का टिकला? कारण त्या फेरात शिरण्यासाठी कोणाला आपली योग्यता सिद्ध करावी लागत नव्हती.

आपले नेमके येथेच अडते. उत्तमोत्तम गायकांचे गाणे ऐकून ऐकून आपल्याला आपल्याच गळ्याची लाज वाटू लागली आहे. चांगले येत असेल त्यानेच करावे आणि इतरांनी पाहावे, असा अलिखित नियम आपण करून टाकला. मंगळागौरीच्या खेळांनाही आता परीक्षक लागतात! तारपाही सरकारी महोत्सवाच्या मंचावर येतो. वाद्य तेच, पावले तीच; पण तेथे पाहणाऱ्याला आत शिरता येत नाही. फेर राहिला, फेराचे दार बंद झाले.

दोष यंत्राचा नाही, कलावंताचा तर नाहीच. उत्तम गाणे ऐकणे हेही मोठेच सुख आहे. परंतु ऐकण्याचे सुख वेगळे आणि मिळून गाण्याचे वेगळे. पहिले कितीही वाढले तरी दुसऱ्याची भूक भागत नाही. पंढरीच्या वाटेवर बेसूर गळ्याच्या वारकऱ्याला दिंडीतून कोणी बाहेर काढीत नाही. त्याच्या हाती टाळ असतो आणि आजूबाजूच्या शंभर गळ्यांत त्याचा गळा सामावून जातो.

खेड्याकडे परत चला, असे आम्ही सांगणार नाही. आपण जाणार नाही, हे आपणही जाणतो. मागणे लहान आहे. महिन्यातून एक संध्याकाळ चाळीच्या अंगणात किंवा इमारतीच्या गच्चीवर जमावे. ध्वनिक्षेपक नको, परीक्षक नको, बक्षीस तर नकोच. ज्याला येत नाही त्याला आधी बोलवावे. तो आला, म्हणजे दार उघडले असे समजावे.