शेगडीच्या विटा

ज्या घरात चूल असे, त्या घरात ती पोतेऱ्याने सारवलेली असे. नीटनेटकेपणा हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, विस्तवाची झळ आधी त्या मातीच्या थराने सोसायची आणि चुलीचे अंग शाबूत राहायचे. थर गेला की पुन्हा लावायचा. आज ज्या शेगडीविषयी मी बोलणार आहे ती आपल्याकडची नाही. पण तिचा हिशोब याच जातीचा आहे.

अमेरिकेच्या ईशान्य भागात, व्हरमाँट, मेन, न्यू हॅम्पशायर या राज्यांत, थंडी मोठी कडक. तिथे अनेक घरांतून बिडाची किंवा पोलादी पत्र्याची, लाकडावर चालणारी शेगडी असते. पुढे दार, वर धुराडे. 1973 साली तेलाची टंचाई झाली तेव्हा पुष्कळ कुटुंबांनी अशा शेगड्या घेतल्या. आपल्यापैकी कुणाची लेक, कुणाचा भाचा आज तिकडे नांदतो. जुने घर घेतले की अशी एखादी शेगडी घराबरोबर पदरात पडते. दार उघडून पाहावे, तर आतल्या विटा तडकलेल्या! मग प्रश्न येतो, शेगडी मोडीत घालायची की काय?

एवढी घाई नको. त्या विटा झिजण्यासाठीच बसवलेल्या असतात.

या साध्या विटा नव्हेत. विशिष्ट मातीच्या, 1,400 अंश सेल्सियसच्या पुढची धग सोसणाऱ्या या अग्निविटा. त्यांची कामे दोन. पहिले, लोखंडाला विस्तवापासून दूर ठेवणे. नाही तर पत्रा वाकतो, बीड तडकते. दुसरे काम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. लाकूड तापले की त्यातून वायू निघतात. ते पुरते जळायला सुमारे 600 अंशांची उष्णता लागते. विटा ही उष्णता आत धरून ठेवतात. ती टिकली नाही, तर अर्धवट जळलेला धूर धुराड्यात जाऊन डांबरासारखा चिकटतो. आणि तो थर एखाद्या रात्री पेटला, तर घरालाच आग लागण्याची भीती.

मग वीट बदलायची कधी? केसाएवढी चीर पडली म्हणून बदलू नये. तशा चिरा पडतातच. पण चीर पाव इंचाहून रुंद झाली, तुकडा निखळून मागचे लोखंड दिसू लागले, किंवा टोचताच भुगा पडू लागला, तर मात्र विस्तव घालू नये.

आता कृती. शेगडी पुरती थंड होऊ द्यावी. राखेत निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो. म्हणून राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर, लाकडापासून लांब ठेवावी. विटा काढण्याआधी त्यांची मांडणी कागदावर काढून घ्यावी आणि प्रत्येकीला आकडा द्यावा. काढल्यावर मागचे लोखंड दिवा धरून पाहावे. ते फाटले किंवा वाकले असेल, तर नव्या विटांनी ते झाकले जाईल, बरे होणार नाही. तशी शेगडी जाणत्याला दाखवावी.

तिकडे नेहमी मिळणारी वीट 9 इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि सव्वा इंच जाड असते. तरी जुनी वीट मोजूनच नवी आणावी. विटांत दोन जाती आहेत: एक जड, भाजलेल्या मातीची; दुसरी हलकी, सच्छिद्र. जड वीट उष्णता साठवते, हलकी ती आतच अडवते. कारखान्याने जी बसवली असेल तीच घालावी. भिंतीची लाल वीट मात्र मुळीच चालत नाही; ती त्या धगीत फुटते.

कापायची वेळ आली, तर छिन्नीने चारही बाजूंनी रेघ पाडून हलके ठोके द्यावेत. हे काम अंगणात, नाकातोंडावर धूळ अडवणारा मुखवटा बांधून करावे. त्या धुळीतील सिलिका फुप्फुसाला घातक असते. जुन्या शेगडीच्या दारातील दोरीत किंवा मागच्या पुठ्ठ्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. तसा संशय आला, तर खरवडू नका, जाणकाराला बोलवा.

बहुतेक शेगड्यांत विटा चुन्या-सिमेंटाशिवाय नुसत्या टेकून बसवतात. गवंडीकामाची सवय असलेल्या हाताला हे चमत्कारिक वाटेल. पण तापली की वीट फुगते. तिला जागा हवी. म्हणून ठोकून बसवू नये. काढण्याच्या उलट क्रमाने एकेक सरकवत जावी. त्यानंतरचे पहिले दोन-तीन विस्तव लहान ठेवावेत, म्हणजे विटेतला ओलावा हळूहळू निघून जाईल. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज ओढून निघाली, तर दोरीही बदलायला झाली असे समजावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नव्या विटांनी जुनी शेगडी सुरक्षित होईल, नवी होणार नाही. अमेरिकेत 15 मे 2020 पासून विक्रीच्या नव्या शेगड्यांना धुराची कडक मर्यादा लागू झाली. जुन्या शेगडीचा धूर त्याहून पुष्कळ जास्त असतो. तो कमी करण्याचा हातातला उपाय म्हणजे सुके लाकूड. त्यात 20 टक्क्यांहून कमी ओल असावी. त्यासाठी लाकूड फोडून निदान सहा महिने, शक्य तर वर्षभर, वारा लागेल असे रचावे.

दरवर्षी थंडीआधी धुराडे साफ करून घ्यावे, आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र निजायच्या खोलीजवळ लावावे. तो वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. आणि दारे-खिडक्या बंद करून माणसे झोपतात ती थंडीतच. विटा थोड्या डॉलरांत येतात, काम अर्ध्या दिवसाचे आहे. तिकडच्या मुलाबाळांना पत्र किंवा फोन कराल, तेव्हा थंडीची चौकशी करताना शेगडीच्या विटांचीही करा.