या हाताचे त्या हाताला



परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात परगावाहून आलेली कुटुंबे रोज दिसतात. हाती तपासण्यांच्या कागदांची पिशवी, मनात धास्ती. मदत हवी तर उत्पन्न, कर्ज, घरातील माणसे, रोगाचे निदान सारेच सांगावे लागते. सख्ख्या भावाला न सांगितलेले अनोळखी कार्यकर्त्यापुढे उघड होते. हा विश्वास गरजेपोटी टाकलेला असतो. म्हणूनच तो जपण्याची जबाबदारी मोठी.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली ही जबाबदारी ओळखली. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगाराला एचआयव्हीची लागण असल्याचे तपासणीत आढळले. काम करण्याची ताकद असूनही त्याचे काम गेले. दाद मागावी तर नाव जाहीर होणार! न्यायालयाने त्याला नाव गुप्त ठेवण्याची मुभा दिली. ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या नावाने खटला चालला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीवाचून अशी माहिती उघड करण्यास मनाई केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

तथापि कायदा चाळीच्या गॅलरीत पहारा देत नाही. लालबाग-गिरगावात एका खोलीतील कुजबुज सायंकाळपर्यंत मजलाभर होते. एखादा कार्यकर्ता कळवळ्यानेच बोलून जातो आणि एखाद्या मुलीचे जमलेले लग्न मोडते. धनादेश स्वीकारणाऱ्या मातेचे छायाचित्र अहवालात झळकते, रुग्णाचा कागद भ्रमणध्वनीवरून शंभर जणांकडे जातो.

देणगीदाराला हिशेब द्यावा लागतो, हे खरेच. पण त्यासाठी रुग्णसंख्या, रक्कम आणि पावत्या पुरेशा आहेत. मूळ कागद लेखापरीक्षकाने पाहावेत. आवश्यक तेवढेच विचारावे, अर्ज कुलपात ठेवावेत, छायाचित्राला नकार दिला तरी मदत थांबणार नाही हे आधीच सांगावे.

या हाताचे दान त्या हाताला कळू नये, ही घरोघरची शिकवण. दात्याला अहंकार शिवू नये, एवढाच तिचा अर्थ लावला जातो. पण तिच्यात घेणाऱ्याची लाजही राखलेली आहे. बरा होऊन गावी परतलेल्या रुग्णाला कोणापुढेही मान खाली घालावी लागू नये, तेव्हाच ती सेवा पूर्ण झाली.